एक्केचाळीस दाते

“हा बघा, आत्ता! आला ना?” गाण्याच्या बाईंनी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून मागच्या सीटकडे दाखवलं.

शेजारी बसलेल्या कानवाल्यांनी डोळे मिटले आणि मान जराशी कलती केली. चाळीस वर्षं ते गाडीचं दुखणं असंच शोधत आले होते. गाडीत बसायचं, डोळे मिटायचे, मान कलती करायची आणि दोन वळणं झाली की सांगायचं, “पुढचं डावं बेअरिंग.” किंवा, “काही नाही हो, डिकीत बाटली घरंगळतेय.” त्यांच्या गॅरेजला पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. ‘कानवाल्यांकडे जा’ एवढंच लोक एकमेकांना सांगत.

आज डोळे मिटल्यावर त्यांना वारा ऐकू आला. इंजिनाची हलकी गुरगुर ऐकू आली. बस्स.

“कसा वाटतो?”

“जरा वेग वाढवा,” ते म्हणाले. वेळ काढायला.

बाईंनी वेग वाढवला. गाडी सोळा हजार किलोमीटरच चाललेली, आतून अजून नव्या रेग्झिनचा वास येत होता. बाई शाळेत गाणं शिकवत. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता, म्हणून निदान त्यांचं बोलणं तरी कानवाल्यांना नीट कळत होतं.

“मागून येतो. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय असा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गप्प. परत पाय ठेवला की सुरू. वेग वाढला की सूर चढतो. काका, मी तीन ठिकाणी दाखवून आले. पहिला म्हणाला, नवीन गाडी आहे, सवय होईल. दुसऱ्याने रेडिओ मोठा करून दाखवला, म्हणाला, बघा गेला आवाज. आणि तिसऱ्याने मलाच विचारलं, मॅडम, झोप नीट लागते ना?”

कानवाले हसले. बाई मात्र हसल्या नाहीत.

“तुम्ही चौथे. तुम्ही नाही म्हणालात तर मी हा विषय सोडून देईन. पण मग दुसराच प्रश्न उभा राहतो. नसलेला सूर मला ऐकू यायला लागला असेल, तर मी मुलांना काय शिकवायचं? काल एका मुलीला म्हटलं, तुझा सूर उतरतोय. आणि लगेच मनात आलं, खरंच उतरतोय का?”

आता कानवाल्यांचंही हसू गेलं. ‘नॉर्मल आहे, बाई.’ एवढं म्हटलं की सुटले असते. गेल्या महिन्यात दूधवाल्याच्या टेम्पोला त्यांनी हेच सांगितलं होतं. आठ दिवसांनी तो टेम्पो दोराने ओढत आणावा लागला. दूधवाला बिचारा म्हणाला, “तुम्ही बघितलं तेव्हा आवाज नसेलच, नाहीतर तुम्हाला ऐकू आला असता.” तो विश्वास त्यांना शिवीपेक्षा जास्त लागला होता.

“बाई, गाडी बाजूला घ्या.”

बाईंनी गाडी रस्त्याकडेच्या झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. कानवाल्यांनी रुमालाने हात पुसले. हात स्वच्छच होते.

“मला आवाज ऐकू आला नाही,” ते म्हणाले.

बाईंचे खांदे उतरले. “बरं.”

“पुरतं ऐका. मला आवाज ऐकू आला नाही, कारण मला हल्ली ऐकू कमी येतं. उजवा कान तर जवळजवळ गेलाच. तेव्हा आवाज नाही असं मी म्हणत नाही. पाय काढला की जातो, ठेवला की येतो, हे मनाचे खेळ नसतात. मन ॲक्सिलरेटरकडे बघून चालत नाही. तुमच्या गाडीत आवाज आहे.”

बाईंनी स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी अशी थाप मारली की हॉर्न वाजला. झाडावरची पाखरं उडाली.

“आहे ना! आहेच!”

“आहेच,” कानवाले म्हणाले. छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्यांनाच वाटलं. “पण कुठून येतो ते शोधायला मला तुमचे कान उसने लागतील. मागून येतो म्हणता, मग तो टायरचा असेल, बेअरिंगचा असेल, नाहीतर मागच्या डिफरन्शियलमधल्या, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या पेटीतल्या दात्यांचा.”

“कान न्या की! पण आधी एक गंमत बघा.” बाईंनी पर्समधून एक चकचकीत दोन पायांचा काटा काढला. “हा नादकाटा. मुलांना सूर द्यायला मी नेहमी बरोबर ठेवते. गुडघ्यावर आपटला की याचे पाय सेकंदाला चारशे चाळीस वेळा थरथरतात. एक कमी नाही, एक जास्त नाही.” त्यांनी काटा गुडघ्यावर आपटला आणि कानवाल्यांच्या उजव्या कानाशी धरला. “ऐकू येतो?”

“नाही.”

“आणि आता?” त्यांनी काट्याची दांडी त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवली.

कानवाले दचकले. डोक्याच्या आत, अगदी मधोमध, एक स्वच्छ, गोल सूर उभा राहिला होता. तो संपेपर्यंत ते हलले नाहीत. संपला तेव्हा म्हणाले, “पुन्हा एकदा.”

बाईंनी पुन्हा आपटला. मग पुन्हा. चौथ्यांदा मात्र त्यांनी काटा कानवाल्यांच्याच हातात दिला. वर्गातल्या मुलांनाही त्या असाच देत असणार.

“आपला स्वतःचा आवाज आपण असाच ऐकतो, काका. निम्मा हाडांतून.”

कानवाले काट्याकडे बघत होते. चारशे चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. त्यांच्या डोक्यात सूर संपला होता आणि हिशेब सुरू झाला होता.

“बाई, गाडी मी चालवतो. तुम्ही हा काटा तुमच्या कानामागे धरा. मागचा आवाज चढत चढत या काट्याच्या सुराला येऊन मिळाला की ओरडा.”

“मिळाला की लगेच कळतं. दोन सूर जवळ आले की डोलायला लागतात. झोपाळ्यासारखे. अजून जवळ आले की झोका संथ होतो. आणि एक झाले की झोपाळा थांबतो.”

मोकळ्या रस्त्यावर गाडी निघाली. साठ, पासष्ट, सत्तर. बाई काटा आपटत होत्या, कानामागे धरत होत्या, पुटपुटत होत्या. “डोलायला लागला... जोरात डोलतोय... आता संथ... संथ... थांबला! आता!”

कानवाल्यांनी काट्याकडे नाही, समोरच्या आकड्याकडे पाहिलं. सत्त्याहत्तर.

दुसऱ्या फेरीला त्यांनी आकड्यावर हात धरला, म्हणजे बाईंना दिसू नये. “आता!” हात काढला. सत्त्याहत्तर. तिसऱ्या फेरीलाही सत्त्याहत्तर आल्यावर कानवाल्यांनी गाडीतच शीळ घातली.

“तुमच्या कानाला काही झालेलं नाही, बाई. त्या मुलीचा सूर उतरतच होता.”

गॅरेजमध्ये काकू दारालगतच्या टेबलाशी बसल्या होत्या. काकू म्हणजे कानवाल्यांची बायको. फोन, नोंदवही, स्पेअर पार्टची ऑर्डर, सगळं त्यांच्याकडे. समोर चहाचा कप होता आणि चहावर जाड साय धरली होती. हे रोजचंच. गेली दीड-दोन वर्षं कुणी गिऱ्हाईक आत आलं की काकू हातातला चहा ठेवून उठायच्या, मध्ये येऊन उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाइकाचं बोलणं पुन्हा एकदा मोठ्याने म्हणायच्या. “ब्रेक मारला की डावीकडे ओढते म्हणतायत.” बायको वयाबरोबर भोचक होत चाललीय, असं कानवाल्यांना वाटे.

शेजारचा टायरवाला दारातच उभा होता. “काय दादा? मघाशी निघताना मी म्हटलं नव्हतं, टायरचाच आवाज आहे? लिहून देतो.”

“तू आधी मोज,” कानवाले म्हणाले. “मागच्या टायरच्या नक्षीत एका फेऱ्यात किती ठोकळे आहेत ते मोजून सांग.”

टायरवाला हसत हसत वाकला. कानवाल्यांनी टायरवर खडूने एक रेघ मारली, गाडी ढकलत रेघ पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत नेली आणि फरशीवर दोन खुणांमधलं अंतर मोजलं. दोन मीटर. मग ते तिथेच उकिडवे बसले आणि फरशीवर गणित मांडू लागले. बाई गुडघ्यावर हात ठेवून बघत होत्या.

“तासाला सत्त्याहत्तर किलोमीटर म्हणजे सेकंदाला एकवीस मीटर आणि वर थोडं. चाक एका फेऱ्यात दोन मीटर जातं. म्हणजे सेकंदाला फेरे किती?”

“साडेदहाच्या वर,” बाई म्हणाल्या.

“दहा पूर्णांक सात. आता डिफरन्शियलमध्ये काय असतं, सांगतो. एक मोठं दातेरी चाक, त्याला आम्ही क्राउन म्हणतो. त्याला फिरवणारं एक छोटं, ते पिनियन. सरळ रस्त्यावर गाडीचं चाक एकदा फिरलं की क्राउनही एकदाच फिरतं. फिरताना त्याचा एकेक दाता पिनियनला भेटतो. दर भेटीला एक टकटक. टकटक भराभर झाली की तिचाच सूर होतो. तो सूर तुमच्या काट्याला मिळाला, म्हणजे सेकंदाला चारशे चाळीस भेटी. चारशे चाळीसला दहा पूर्णांक सातने भागा.”

खडू फरशीवर कुरकुरला. त्यांनी उत्तराभोवती गोल काढला. एक्केचाळीस.

“आवाज क्राउनचा असेल, तर क्राउनला एक्केचाळीस दाते हवेत. नसतील तर मी चुकलो.” त्यांनी मान वर केली. “अगं, पार्टच्या यादीत बघ जरा, या गाडीच्या मागच्या क्राउनला दाते किती?”

काकूंनी चष्मा लावला. संगणकावर बोट फिरवत फिरवत खाली गेल्या. टायरवाला मध्येच ओरडला, “एकदा मोजले तर अडुसष्ट आले, एकदा एकाहत्तर!”

“एक्केचाळीस नाहीत ना?”

“एक्केचाळीस कसे असतील?”

“मग टायर सुटला. आणि बेअरिंगचा आवाज एवढा गाता नसतो, पाय काढला म्हणून असा गप्पही होत नाही. अगं, सापडलं का?”

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शांतपणे वाचलं, “पिनियन दहा. क्राउन एक्केचाळीस.”

बाईंनी टाळ्या वाजवल्या. टायरवाल्याला नक्की काय जिंकलं ते कळलं नव्हतं, तरी त्यानेही वाजवल्या. कानवाले फरशीवरून उठले, तेव्हा त्यांचे गुडघे वाजले. तो आवाज म्हणे सगळ्यांना ऐकू आला.

“आता मला एकदा भेटू दे त्याला,” ते म्हणाले.

गाडी लिफ्टवर चढली. बाई वर चालकाच्या जागी बसल्या, चाकं हवेत मोकळी फिरू लागली. कानवाल्यांनी कोपऱ्यातला हातभर लांबीचा लाकडी दांडा घेतला. एक टोक डिफरन्शियलच्या लोखंडी पोटाला टेकवलं आणि दुसरं चक्क दातांत धरलं.

“अहो, हे काय?” काकू म्हणाल्या.

दांडा दातांत असल्यामुळे उत्तर आलं नाही. त्यांनी हाताने खूण केली, वेग वाढवा. बाईंनी वाढवला. मग कानवाल्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. कवटीच्या आत कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत होतं. बाईंनी सांगितलं होतं अगदी तसंच. त्यांनी दांडा काढला.

“काय गातोय गं! गप्प बस म्हटलं तरी ऐकायचा नाही असा!”

“चाळीस वर्षांत दातांनी ऐकणारा मेकॅनिक पहिल्यांदा पाहिला,” टायरवाला म्हणाला. “तिकडे एक्केचाळीस आणि इकडे तुमचे किती, दादा?”

“सव्वीस. आणि अजून तुला चावायला पुरेत.”

इंजिन बंद करून, गाडी अगदी सपाट आहे ना हे पाहून, त्यांनी तेल भरायच्या भोकाचं बूच उघडलं. नियम सोपा होता. तेल पुरेसं असेल तर ते भोकाच्या काठाशी येऊन थांबतं. त्यांनी बोट आत घालून खाली वाकवलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं तरी बोट कोरडं.

“बाई, यात तेल कमी आहे. बरंच कमी आहे. हे कधी बदललं होतं?”

“दहा हजारांच्या सर्व्हिसला. तेव्हापासूनच तर आवाज आहे! त्याच दिवशी डावं मागचं चाक पंक्चर होतं. म्हणून तेही काढलं होतं, जॅक लावून.”

कानवाले थांबले. मग त्यांनी पार्टचा एक रिकामा डबा घेतला, उजव्या बाजूला खिळ्याने भोक पाडलं आणि डबा हातात धरून बाईंना दाखवला. “डबा सरळ धरून पाणी ओतलं तर भोकापर्यंत भरतं. पण डावीकडून उचलून ओतलं, असं, तर?”

टायरवाल्याने पाणी ओतलं. डबा निम्माही भरला नव्हता, तोवर भोकातून धार लागली.

“बाहेर आलं! म्हणजे भरलं असं वाटलं!” बाई म्हणाल्या.

“तेच. डावीकडे जॅक, बूच उजवीकडे. तेल सांडायला लागलं, सर्व्हिसवाल्याने बूच लावलं. लबाडी नाही, घाई. बाकीच्यांनी वेळेवर ऐकलं असतं तर कधीच कळलं असतं.” त्यांनी खालचं बूच काढून जुनं तेल ओघळू दिलं. त्या बुचाला लोहचुंबक असतं. त्यावर जमलेला चिखल त्यांनी बोटांत चोळून पाहिला. शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा मऊ होता. तुकडा नाही, कण नाही. “दाते शाबूत आहेत. अजून दोन-चार हजार किलोमीटर अशीच चालवली असती, तर दाते खाल्ले गेले असते.”

“पुढच्या आठवड्यात चार मुलांना घेऊन डोंगरापलीकडे स्पर्धेला जायचंय,” बाई हळूच म्हणाल्या.

“जा की. आता खुशाल जा.”

गाडी सपाट ठेवून, काठाशी येऊन थेंब गळेपर्यंत नवं तेल भरलं. बाई एक फेरी मारून आल्या. तेवढ्या वेळात कानवाले काकूंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. नोंदवही उगाच सरळ केली.

“तुला एक सांगायचं होतं.”

“सांगा.”

“मला हल्ली ऐकू कमी येतं.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “चहा घेणार?”

“अगं, मी काय सांगतोय...”

“दीड वर्ष झालं, अहो. तुम्हाला काय वाटलं, गिऱ्हाइकाचं बोलणं मी दोनदा का म्हणते? हौस म्हणून?”

कानवाल्यांनी साय धरलेल्या चहाकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. बऱ्याच गोष्टी एकदम जागच्या जागी बसल्या.

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. शुक्रवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.”

“कधी घेतलीस?”

“ही सहावी. आधीच्या पाच रद्द केल्या. ही रद्द करू?”

“राहू दे,” कानवाले म्हणाले. “आणि डॉक्टरांना सांगायचं, दातांनी छान ऐकू येतं.”

“मीच सांगते. दोनदा,” काकू म्हणाल्या आणि दोघेही इतके हसले की टायरवाला डोकावून गेला.

बाई परत आल्या त्या गाडीतून उतरतानाच बोलत. “आहे अजून! पण आता अगदी बारीक. आधी समोर बसून गात होता, आता शेजारच्या घरात गातोय.”

“महिन्याभराने पुन्हा या. नव्या तेलात दाते रुळले की अजून उतरेल. आणि खोटं सांगत नाही, मला तुमच्या तोंडूनच कळणार ते.”

“येईन. आणि काका, हे गणित पुसू नका हं एवढ्यात.” त्यांनी मोबाइल काढून फरशीवरच्या खडूच्या आकड्यांचा फोटो घेतला. “सोमवारी वर्गात दाखवते. गाण्याच्या तासाला भागाकार कशाला, म्हणणाऱ्यांची तोंडं बघायचीत मला.”

त्या गेल्यावर काकूंनी झाडू मारला, तो गणिताला वळसा घालून. मग नवा चहा केला. कानवाल्यांना एक कप दिला, दुसरा घेऊन टेबलाशी बसल्या. एवढ्यात एक टॅक्सीवाला आत शिरला. थेट कानवाल्यांच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला आणि भरभर काहीतरी सांगू लागला.

काकूंनी सवयीने कप खाली ठेवला. अर्ध्या उठल्याही.

“थांबा,” कानवाले टॅक्सीवाल्याला म्हणाले. “या बाजूला या. मला उजवीकडून ऐकू येत नाही. हां, इथे. आता सांगा, सावकाश.”

टॅक्सीवाला जरा गोंधळला. मग फरशीवरच्या आकड्यांवर पाय पडू न देता डाव्या बाजूला आला आणि पहिल्यापासून सांगू लागला. कानवाल्यांनी डोळे मिटले, मान कलती केली.

काकू परत खुर्चीत बसल्या. कप अजून गरम होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि शेवटच्या घोटापर्यंत जागच्या हलल्या नाहीत.